क्षमाच्या पगाराचा नारळ

चारकोप, सेक्टर दोन
शुक्रवार, ८ जुलै १९८८

चि. काशीराम भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद, जाऊबाईंना, पोरांना आणि गोठ्यातल्या दोघींनाही. परसातल्या फणसाला नाही. यंदा त्याने आम्हाला एक गरा पाठवला नाही, म्हणजे तुम्ही पाठवला नाहीत. क्षमाला आयटीआयला घातलं, पोरांच्या बरोबरीने पकडी-पाने हातात दिले, तेव्हापासून तुमचं पत्र बंद आणि फणसही बंद. असू दे. आज मी भांडायला बसले नाही. आज मी आनंदात आहे.

आपली क्षमा नोकरीला लागली. नंदूची धाकटी, तुमच्या थोरल्या भावाची नात. अंधेरीला एमआयडीसीत टीव्ही बनवतात, तिथे. टीव्ही बाहेरून दिसतो तसा आत नसतो म्हणे. आत एक हिरवी पाटी असते, तिच्यावर मुंगीच्या डोक्याएवढे तुकडे बसवायचे आणि कथलाचा डाग द्यायचा. आपल्याकडे कासार गळक्या तांब्याला डाग देतो तसा, पण इतका बारीक की मी म्हटलं, बाई, मला तर सुईत दोरासुद्धा तूच ओवून देतेस, बरोबर आहे, तुझे डोळे त्याच कामाचे. पहिल्या दिवशी सुनेने, माणिकने, शिरा केला, मी तळहातावर दही घातलं. पोरगी गळ्यात फोटोचं कार्ड अडकवून बसस्टॉपवर गेली आणि मी तिच्या मागोमाग. ती म्हणते, "आजी, तू कुठे?" मी म्हटलं, मी भाजीला. सकाळी सव्वासहाला कुठली भाजी. पण तिने काही म्हटलं नाही, शहाणी आहे.

आणखी आनंद म्हणजे क्षमाच्या थोरल्या भावाच्या, चंद्रप्रकाशच्या बाळाला दात आला. खालचाच आला, वरचा नाही, म्हणजे मामाला जड नाही. मामा मुलुंडचाच आहे, लगेच वाटी-चमचा घेऊन आला. गॅसचा नंबरही लागला. माणिक आता कोळशाच्या शेगडीवर बोट दाखवून शेजारणीला सांगते, "ही जुनी आमची." अशा तीन गोष्टी एका महिन्यात. मला तर वाटतं चारकोपची हवा मानवली.

आता काम. क्षमाचा पहिला पगार झाला. तिने त्यातून नारळ घेतला आहे. आपल्या वाडीतला गुणाजी, बोरिवलीला बेकरीत असतो तो, लावणीसाठी गावी येतो आहे, त्याच्याबरोबर पाठवते. कोकणात नारळ पाठवते म्हणून हसू नका. मामंजी सांगायचे, पहिल्या कमाईचा नारळ ज्याची कमाई त्यानेच घ्यायचा, नाहीतर तो कोणाचा ते देवाला कळत नाही. चंद्रप्रकाश महापालिकेत लागला तेव्हा त्यानेही इथूनच आणला होता, आणि तुम्ही रवळनाथाच्या देवळात असं गाऱ्हाणं घातलंत की ऐकणाऱ्यांचे पाय दुखले. ढोलसुद्धा वाजवलात. क्षमाचा ढोल नको. येत्या सोमवारी नारळ ठेवा, तिचं नाव घ्या, तिच्या कामाचं नाव घ्या. घराण्याचं गाऱ्हाणं, देवापुढचं मागणं, तुमच्या तोंडचं असतं म्हणून तुम्हाला सांगते.

जागा संपली. हे कडेने लिहिते आहे, पत्र फिरवून वाचा.
वहिनी

---

चारकोप
मंगळवार, २६ जुलै १९८८

काशीराम भाऊजी,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. द्यावासा वाटला तर.

शनिवारी गुणाजी आला. पिशवीत नारळाचा तुकडा, तुळस, अंगारा. मी त्याला पाटावर बसवलं, चहा दिला, बरोबर चकली दिली. म्हटलं, सांग रे सगळं, पहिल्यापासून. त्या भोळ्या माणसाने सगळं सांगितलं. तुमची नक्कलही केली. डोळे मिटून, हात पुढे करून. तुमच्यासारखंच करतो मेला.

म्हणे, "बा देवा म्हाराजा, ह्या घराण्यातली चेडू क्षमा, तिच्या नावान ह्यो नारळ ठेवलेलो आसा. वर्साच्या आत तिचे दोनाचे चार हात करून दी, नोकरी-बिकरीचा खूळ डोक्यातसून काढ आणि घरात बसान सुखान संसार करूंदे. मगे तुका नारळाची जोडी देतलव."

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. मी विचारलं, "आणि लोक काय म्हणाले?"

"काय म्हणतले काकी? व्हय म्हाराजा म्हणाले."

"तू?"

"मीय म्हटलं. सगळे म्हणत होते."

मी म्हटलं, गुणाजी, तू तिचा नारळ मांडीवर घेऊन रात्रभर एसटीत बसलास, तुला ठाऊक होतं तो कशाचा नारळ. तर तो म्हणतो, "काकी, देवळात मधेच कसा बोलतलय?" आणि दुसरी चकली मागितली. दिली. त्याचा काय दोष.

दोष तुमचा आहे. नारळ कोणाचा आणि मागणं कोणाचं. पोरीने खांदा मोडून कमावलेल्या पहिल्या पगाराचा नारळ, आणि त्याच नारळावर तुम्ही देवाला सांगता की हिची नोकरी काढून घे. असं कोणी शत्रूचंही करत नाही. नुसता ठेवला नसतात तरी चाललं असतं. परत पाठवला असतात तर आम्ही खोबरं खवून सोलकढी केली असती.

क्षमा संध्याकाळी घरी आली. मी तिला सांगणार नव्हते, पण गुणाजी गेलाच नव्हता, त्याने पुन्हा नक्कल केली. ती हसली. मग प्रसादाचा तुकडा उचलून कपाळाला लावला आणि परत ताटात ठेवला. खाल्ला नाही. जेवली बरी, पण तो तुकडा नाही खाल्ला.

नंदूला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे तो देवाच्या बाबतीत किती भित्रा आहे. देवळात पडलेला शब्द म्हणजे त्याच्या मानेवर ठेवलेली सुरी. म्हणून लवकर करा. येत्या सोमवारी दुसरा नारळ ठेवून पहिलं गाऱ्हाणं मागे घ्या. नारळ क्षमा पाठवेल.

आशीर्वाद जाऊबाईंना.
वहिनी

---

चारकोप
बुधवार, १० ऑगस्ट १९८८

काशीराम,

तुम्हाला तुम्ही म्हणायला लागले ते तुमचं लग्न झालं तेव्हापासून, मान म्हणून. आज नाही म्हणवत. या पत्रापुरतं तूच म्हणते.

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड, म्हणजे पोस्टमनने वाचलं, खालच्या सुंदराबाईने वाचलं, मग मला मिळालं. तू लिहितोस, बाईच्या नोकरीचं गाऱ्हाणं त्या देवळात कधी पडलेलं नाही, नवा पायंडा पाडणार नाही. बरं. आणि पुढे लिहितोस, "आपल्या घराण्यात बाई कधी नोकरीला गेलेली नाही."

कधी गेलेली नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून वाचते. म्हणून माणिककडून वाचून घेतलं. मग क्षमाकडून. तिघींच्या तोंडी तेच आलं.

मग ऐक. तू मुंबईला शिकायला आलास, घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या खोलीत राहिलास, तेव्हा तुझा भाऊ छातीच्या दुखण्याने खाटेवर होता. नंदू इंग्रजी पहिलीतही नव्हता. तुझ्या ताटात भात कुठून यायचा? शेजारची जानकी मला गोळ्यांच्या कारखान्यात घेऊन गेली. गोळ्या म्हणजे खायच्या, पोरांच्या. तिथे उंच टेबलं आणि उंच स्टुलं. मी जन्मात स्टुलावर बसले नव्हते. मी स्टुलावर चढून पाय वर घेऊन उकिडवी बसले, चुलीपुढे बसतात तशी. मुकादम हसला, बाया हसल्या. जानकी म्हणाली, "रुक्मिणी, पाय खाली सोड, कोंबडी दिसतंस." अर्धा दिवस मला पाय कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. पण हात चालले. गोळी कागदात ठेवायची, दोन्ही टोकांना पीळ द्यायचा, पेटीत टाकायची. पीळ सैल पडला की मुकादम ती आपल्या अंगावर फेकायचा. संध्याकाळपर्यंत अंगठ्याची साल निघाली. घरी आले तर नंदू माझे हात धरून चाटत बसला, कारण हात गोड. तुझा भाऊ भिंतीकडे तोंड करून निजला. रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही मी गेले. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "डबा घेतलास?" एवढंच. तेव्हापासून तो रोज विचारायचा.

शनिवारी तुटक्या गोळ्या द्यायचे. मी पदरात बांधून आणायची. नंदूला दोन, बाकी तुला. तुझ्या दाढा किडल्या त्या कोणाच्या नोकरीने किडल्या?

आणि त्या वर्षी चतुर्थीला तू, मी आणि नंदू गावी गेलो. मामंजींनी देवळात गाऱ्हाणं घातलं. "मुंबयत चाकरी करता तो माजो झील." तो झील, तुझा भाऊ, तिकडे भटवाडीत अंथरुणावर, जानकीच्या भरवशावर. मी मागे बायकांच्या रांगेत उभी, अंगठ्याला हळदीची चिंधी. मामंजींना मी दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आजारपण कळू नये म्हणून तुझ्या भावानेच सगळ्यांची तोंडं बंद केली होती. पण तुला ठाऊक होतं. तू त्यांच्या शेजारी उभा होतास आणि "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने तूच ओरडलास.

तेव्हा मी काही बोलले नाही. लहान होतास. आता तुझे केस पांढरे झाले आणि तू मलाच कार्ड पाठवतोस की आपल्या घराण्यात बाई नोकरीला गेली नाही.

माझं जाऊ दे. माझी नोकरी काय, गोळ्यांबरोबर विरघळली. क्षमाची आहे. तिचं गाऱ्हाणं मागे घे.

गोळी मी आजतागायत तोंडात घालत नाही. वास आला तरी दात दुखतात.

रुक्मिणी

---

चारकोप
गुरुवार, २५ ऑगस्ट १९८८

काशीराम भाऊजी,

पत्राचं उत्तर नाही, पण माणसं आली. तुम्ही पाठवलेली. कणकवलीचे ते नवरा-बायको, मुलगा अंबरनाथला फॅक्टरीत आहे त्यांचा. माणसं वाईट नाहीत. बाईने येताना कोकमं आणली, मी चांगली निवडून बरणीत भरली. तुमच्या फणसापेक्षा बरी.

क्षमा कामावरून आली ती थेट चहा घेऊनच त्यांच्यासमोर गेली, साडी नेसायला वेळ नाही, गळ्यात कार्ड तसंच. ती बाई कार्डाकडे बघत म्हणाली, "हे आता लवकरच जाणार ना? काशीरामांनी देवळात तसंच घातलंय म्हणे." मी तोंड उघडायच्या आत नंदू म्हणाला, "हो हो. चतुर्थी झाली की राजीनामा देईल."

तर आता तुम्हाला सांगायलाच हवं. नंदूला कळलं आहे. गुणाजी बेकरीतून पाव घेऊन आला आणि पुन्हा नक्कल केली, त्याला आता तेवढंच येतं. नंदू जेवता जेवता उठला. आणि दुर्दैव असं की त्याच आठवड्यात क्षमाचं बोट भाजलं. डाग द्यायच्या काडीला बोट लागलं, फोड आला, एवढंच. पण नंदूच्या डोक्यात बसलं की हा कौल आहे. "आई, काकांनी देवाला शब्द दिलाय. आपण पाळला नाही, देवाने खूण दाखवली. उद्या काही मोठं झालं तर?"

मी म्हटलं, माझं विळीवर किती वेळा कापलं, तेव्हा नाही तू म्हणालास की आई, स्वयंपाकाचा राजीनामा दे.

माणिक हसली. नंदू नाही हसला. तो रागावलेला नाही, भाऊजी, तो घाबरलेला आहे. रागावलेल्याशी मला भांडता येतं. घाबरलेल्याला काय करू. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, देवळातल्या एका वाक्याने पोर झालाय.

आणि क्षमा काय म्हणते? काही म्हणत नाही. बापाला घाबरून नाही, बापाची दया येते म्हणून. काल मला म्हणाली, "आजी, मी ट्रेनिंगमध्ये पहिल्या लॉटमधली सगळी पाटी बिघडवली होती. सुपरवायझर बाई म्हणाल्या, सगळ्यांची बिघडते, दुसरी घे. आता माझी पाटी परत येत नाही." मग म्हणाली, "बाबांना सांगू नको मी रडले." रडली नव्हती. मीच रडले होते, ती मला सांभाळून घेत होती.

हे सगळं तुम्ही केलंत, डोळे मिटून, हात पुढे करून. तुमच्याच तोंडून सुटू शकतं. सोमवारी नारळ ठेवा. मी हात जोडते, असं मी तुम्हाला आयुष्यात कधी लिहिलं नाही.

बाळाला दुसरा दात आला.
वहिनी

---

चारकोप
गुरुवार, ८ सप्टेंबर १९८८

काशीराम भाऊजी,

तुमचं कार्ड: "चतुर्थीला सगळे या, कणकवलीकरांना बोलावलं आहे, देवासमोर सुपारी फोडू. वहिनी, राग सोडा, गौरी तुमची वाट बघते."

गौरी माझी वाट बघत असेल. मी येत नाही.

लग्न झाल्यापासून मी एक चतुर्थी चुकवली नाही. तुमचे भाऊ गेले त्या वर्षीही आले, कोपऱ्यात बसले, पण आले. गौरीपुढे सुपं ओवाळायचा ओवसा माझा, थोरल्या सुनेचा. मोदकांच्या पाऱ्या माझ्या हातच्या. यंदा जाऊबाईंना सांगा, उकड हाताला चटका बसेल इतकी गरम असतानाच मळायची, निवली की पाऱ्या फाटतात. तुम्हाला फाटके मोदक खावे लागले तर मला वाईट वाटणार नाही.

कारण सांगते. क्षमाला रजा नाही. नवीन माणसाला देत नाहीत, फक्त चतुर्थीच्या दिवसाची सुट्टी, दुसऱ्या दिवशी ड्युटी. नंदू म्हणतो, "राजीनामाच द्यायचा आहे तर रजा कशाला मागायची, चल." ती म्हणाली, "बाबा, राजीनामा दिला नाही तोपर्यंत मी कामावर आहे." बरोबर बोलली. मग मी म्हटलं, मी हिच्याबरोबर राहते.

नंदू म्हणाला, "आई, ओवसा कोण घेणार?"

"तुझ्या काकाला सांग. घराण्यातल्या बायकांचं सगळं त्याला कळतं."

तर नंदू आणि माणिक येतील, रिझर्वेशन झालंय. मी येत नाही. इथे वेगळा गणपती बसवता येत नाही हे मला शिकवू नका, घराण्याचा गणपती एक, तो गावी. मी गणपती बसवणार नाही. मी नुसती बसणार आहे.

वहिनी

---

चारकोप
शुक्रवार, १६ सप्टेंबर १९८८

चि. काशीराम भाऊजींना आशीर्वाद.

तुमच्याकडे काल आरतीला आमच्यातलं कोणीच नव्हतं, चंद्रप्रकाश तेवढा असेल, तो आधीच निघाला होता. काय झालं ते दुसऱ्याकडून कळण्याआधी, म्हणजे गुणाजीकडून, मीच लिहिते.

नंदू आणि माणिक बुधवारी संध्याकाळी बॅगा घेऊन बोरिवलीच्या एसटी डेपोला गेले. आमची गल्ली सगळी ओस पडली होती, अर्धं चारकोप गावी. खाली फक्त सुंदराबाई आणि तिचा नवरा सहदेव, त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये म्हणून राहिले. मी भाताला आधण ठेवलं तोच दार वाजलं. दोघं परत, बॅगांसकट. मी विचारलं, गाडी चुकली? माणिक म्हणाली, "गाडी समोर उभी होती. हे चढलेच नाहीत. तासभर तिथेच उभे." नंदूने बॅग कोपऱ्यात ठेवली आणि बॅगेवरच बसला. मी आणखी तांदूळ धुतले.

काल सकाळी मी अंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे पाट मांडला. क्षमाला म्हटलं, जा, नारळ आण. तुझ्या पैशाचा. ती बाजारातून घेऊन आली. मी सुंदराबाईला आणि सहदेवला वर बोलावलं. सहदेव काठी टेकत, एकेक पायरी बसत वर आला. म्हणाला, "काय हां वैनी, तीर्थप्रसाद?"

मी म्हटलं, गाऱ्हाणं.

"कोण घालतलो?"

"मी."

तो बायकोकडे बघायला लागला. सुंदराबाई म्हणाली, "बायकांनी घातलेला चलता?" मी म्हटलं, चालतं की नाही ते देवाला विचारू, तोच ऐकणार आहे. आणि तुम्ही दोघांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. गाऱ्हाण्याला उत्तर देणारं माणूस लागतं, नाहीतर ते नुसतं बडबडणं होतं. एवढं मला पन्नास वर्षं मागच्या रांगेत उभं राहून माहीत झालंय.

नंदू बॅगेवरून उठून दारापाशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं खाली उतरणार. उतरला नाही.

मी डोळे मिटले. हात पुढे केले. मग म्हटलं,

"बा देवा म्हाराजा, आज चवथीच्या दिवशी तुझी लेकरा हय चारकोपात बसलेली आसत. देवूळ लांब आसा, पण तुझे कान लांबचाय ऐकतत."

कोणी काही बोलेना. मी डोळा किलकिला करून सहदेवकडे बघितलं. तो खोकला. सुंदराबाई एकटी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"ह्या घरातली चेडू क्षमा, अंधेरीक टीव्हीच्या कारखान्यात डाग देवचा काम करता. तिच्या हाताक सांभाळ, डोळ्यांक सांभाळ, येताना-जाताना वाटेर सांभाळ. तिच्या कामाक यश दी."

"व्हय म्हाराजा." आता दोघंही म्हणाले. माणिकही.

"आणि तिच्या पैल्या नारळार दुसऱ्या कोणी जा मागणा घातला, ता तिचा न्हय. ता ज्याचा तेका पावंदे. काशीरामाक घरात बसान सुखान खावंदे. क्षमाच्या लग्नाचा, ती सांगात तेव्हा, आमी येवन मागू."

सहदेव हसायला लागला. हसता हसता मोठ्याने म्हणाला, व्हय म्हाराजा. रागावू नका, भाऊजी, मी तुमचं वाईट मागितलं नाही. सुखाने खा म्हटलं.

सुंदराबाई म्हणाली, "वैनी, तुमचाय घाला ना, गोळ्यांच्या कारखान्याचा." तिने कार्ड वाचलं होतं ना, तेव्हा मीच तिला सगळं सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, माझं राहू दे बाई. तो कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली, आता देव तिथे जाऊन काय करणार.

मग नारळ फोडायचा. मी नंदूकडे बघितलं नाही. क्षमाने कोयता घेतला, बोटावर भाजल्याचा डाग अजून तसाच, आणि उंबऱ्यावर जाऊन फोडला. नीट दोन भकलं नाही झाली, तीन तुकडे झाले, पाणी सगळं नंदूच्या पायांवर. तो खाली वाकला. तुकडे गोळा केले, सदऱ्याला पुसले. मग एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा."

हळू म्हणाला. पण मी ऐकलं, माणिकने ऐकलं, आणि ज्याने ऐकायला पाहिजे होतं त्यानेही ऐकलं असणार.

रात्री जेवताना त्याने क्षमाला विचारलं, "सकाळी कुठली बस पकडतेस?"

"सव्वासहाची."

"मग लवकर झोप." आणि ताट घेऊन उठला. राजीनाम्याचं नाव निघालं नाही. कणकवलीच्या लोकांना तो स्वतः कळवतो आहे, तुम्ही मधे पडू नका. मुलगा चांगला असेल तर आणि त्याला कामावर जाणारी बायको चालणार असेल तर क्षमा त्याला भेटेल म्हणते, नाहीतर नाही. नारळाची जोडी तुम्ही कबूल केली आहे, ती माझ्याकडे लागू. लग्न होईल तेव्हा मी घेऊन येईन.

राग गेला का म्हणून विचाराल. नाही गेला. तो कार्डाचा राग आहे, गाऱ्हाण्याचा नाही. तो तुम्ही इथे येऊन, माझ्यासमोर बसून, "वहिनी नोकरीला जायच्या" असं तोंडाने म्हणाल तेव्हा जाईल. या. दिवाळीला या. चारकोप तुम्ही बघितलेलं नाही. बाळ आता उभं राहतं, पलंगाची कड धरून.

आणि पुढच्या सोमवारी देवळात जाल तेव्हा तिचं नाव घ्या, तिच्या कामाचं नाव घ्या. अवघड नाही. सहदेवलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं.

वहिनी